कडेला चिकटू नका : पुण्यात नव्याने सायकल काढणाऱ्यांसाठी

सायकलच्या दुकानात गेलं की गिअर किती, फ्रेम कसली, सीट मऊ आहे का, यावर तासभर बोलणं होतं. रस्त्यावर ती नेमकी कुठून चालवायची, हे मात्र कोणी सांगत नाही. घरची मंडळी सांगतात ते एवढंच, "कडेकडेने जा गं." मीही तेच ऐकून सुरुवात केली आणि तिसऱ्याच आठवड्यात डेक्कनजवळ एका उभ्या गाडीच्या उघडलेल्या दारावर आदळले. दार उघडणारे गृहस्थ माझ्याइतकेच घाबरले होते. "अहो, तुम्ही दिसलाच नाहीत," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. खोटं नव्हतं ते. मी त्यांच्या गाडीला इतकी खेटून येत होते की त्यांनी आरशात पाहिलं असतं तरी शेवटच्या क्षणीच दिसले असते.

त्याला आता सहा वर्षं झाली. कोथरूड ते शिवाजीनगर, जाऊन-येऊन रोजचे पंधरा किलोमीटर होतात. सुट्टीच्या दिवशी गाडीही चालवते, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या पाठ आहेत. ऑफिसात कोणी नव्याने सायकलवर यायचं म्हणालं की चहाच्या वेळेला त्याला जे सांगते, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी सायकल

यात फार वेळ घालवू नका. ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबला तरी हँडलला टेकता कामा नये. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. दिवा आपल्याला दिसावं म्हणून नसतो, आपण दिसावं म्हणून असतो. तेव्हा संध्याकाळी साडेसहालाच लावा, अंधार पडायची वाट बघू नका. नव्या सायकलींना रिफ्लेक्टर असायलाच हवेत, तसा २०२० चा केंद्र सरकारचा आदेश आहे. पण लोक घरी आल्या आल्या ते काढून टाकतात, 'लुक' बिघडतो म्हणून. राहू द्या हो. पेडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर वर-खाली हलतात आणि ती हालचाल बघूनच मागच्याला कळतं की पुढे सायकल आहे.

सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही. तरी घाला. जानेवारीत, संक्रांतीच्या आधी-नंतरचे दहा-पंधरा दिवस, गळ्याभोवती जाड रुमाल किंवा बफ गुंडाळा. आडवा लोंबणारा नायलॉन मांजा चालत्या सायकलवरून दिसत नाही आणि तो थेट गळ्यावर येतो.

मग रस्ता

दुचाकीवर रोज ज्या रस्त्याने जाता, तो सायकलचा रस्ता नव्हे. रविवारी सकाळी सातला सायकल काढा आणि ऑफिसपर्यंत जाऊन या. वाटेत थांबत, रमत. मला कर्वे रस्ता सरळ पडतो, पण मी एरंडवण्यातून, प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमधून जाते. सात-आठ मिनिटं जास्त लागतात. त्या बदल्यात मेट्रोचे खांब, उड्डाणपुलाचे चढ-उतार आणि बसथांबे टळतात, वर झाडांची सावली मिळते.

सायकल ट्रॅकवर विसंबून आखणी करू नका. २००६ नंतर बीआरटीच्या, म्हणजे बससाठीच्या वेगळ्या मार्गिकांच्या, निमित्ताने सातारा रस्त्यासारख्या ठिकाणी ट्रॅक झाले. आज बऱ्याच ठिकाणी त्यावर गाड्या लागलेल्या असतात, मध्येच विजेचा डीपी येतो, मध्येच झाड. जिथे मोकळा आहे तिथे जरूर वापरा. पण ट्रॅक संपतो तिथे बघा : तो तुम्हाला वाहत्या रस्त्यावर कुठे आणि कसा सोडतो? मला तरी ट्रॅकवर असतानापेक्षा त्यातून बाहेर पडतानाच जास्त भीती वाटते.

दोन जागा सुरुवातीला नकोतच. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार, जिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात वारंवार होतात. आणि मुंबई द्रुतगती मार्ग, जिथे सायकलला मुळात परवानगीच नाही. लोणावळ्याला जाणारे सायकलवाले जुन्या महामार्गाने जातात.

कुठून चालवायची

आता मुद्द्याचं. रस्त्याची डावी कड म्हणजे रस्त्याचा उकिरडा. पावसाने वाहून आणलेली वाळू, बाटलीच्या काचा, खचलेली चेंबरची झाकणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डांबर आणि काँक्रीट जिथे मिळतात तिथली बोटभर उंचीची लांबलचक पायरी. त्या पायरीला चाक समांतर घासलं की हँडल कितीही घट्ट धरा, सायकल खालून निसटते. कडेला असलात की हे सगळं चुकवायला तुम्हाला अचानक उजवीकडे यावं लागतं. मागचा मोटारवाला म्हणतो, "सायकलवाली मध्येच आडवी आली." त्याच्या जागेवरून बघितलं तर आलेच होते मी आडवी.

म्हणून कडेपासून साधारण तीन फूट आत चालवा, सरळ रेषेत. शेजारी गाड्या लावलेल्या असतील तर आणखी आत, त्यांच्यापासून चार-साडेचार फूट. हिशोब सोपा आहे : गाडीचं दार सताड उघडलं की तीनेक फूट बाहेर येतं, आणि तुमचं हँडल मध्यापासून फूटभर. ताशी पंधराच्या वेगाने तुम्ही एका सेकंदात चार मीटर जाता. दार उघडायला सेकंदही लागत नाही. तेवढ्यात ब्रेक लागत नाही, लागतो तो फक्त दाराचा कोपरा.

दोन उभ्या गाड्यांमध्ये रिकामी जागा दिसली की आत शिरायचा मोह होतो. साइड दिल्यासारखं वाटतं. शिरू नका. पुढच्या गाडीपाशी पुन्हा बाहेर यावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच मागून कोणीतरी जागा धरलेली असते.

हावरटपणा वाटेल, पण अरुंद जागी रस्त्याचा मधला भाग घ्या. पेठेतल्या बोळात, मेट्रोच्या पत्र्यांशेजारी, पुलाच्या तोंडाशी. जिथे गाडी आणि सायकल शेजारी शेजारी मावतच नाहीत, तिथे कडेला सरकून तुम्ही मागच्याला फक्त खोटी आशा दाखवता, आणि तो तुम्हाला घासून जातो. मधून चालवलं की तो मागे थांबतो. हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. रस्ता रुंद झाला की लगेच डावीकडे या आणि हाताने 'जा पुढे' अशी खूण करा. ती खूण विसरायची नाही. बिचारा वीस-तीस सेकंद तुमच्या मागे ताटकळलेला असतो.

हळू चालणाऱ्याने डावीकडून जावं हा नियमच आहे आणि तो बरोबर आहे. पण डावीकडून म्हणजे गटारातून नव्हे.

पुण्यात एक जास्तीची कटकट आहे : तीन फूट आत राहिलात की त्या तीन फुटांतून दुचाकी घुसते, तीही डावीकडून. यावर रामबाण उपाय मला सापडलेला नाही. डावीकडे सरकण्याआधी डाव्या खांद्यावरून मागे बघायची सवय लावली, एवढंच. बाहेरगावचे सायकलवाले उजवीकडेच बघतात आणि इथे येऊन चकतात.

बस, डंपर, रिक्षा

बसचं तोंड पुढे गेलं म्हणजे बस गेली असं नाही. बारा मीटरची बस ताशी तीसने आणि तुम्ही पंधराने जात असाल, तर तोंड तुमच्याशेजारून गेल्यावर शेपूट जायला जवळपास तीन सेकंद लागतात. पण चालकाच्या डोक्यातून तुम्ही पहिल्याच सेकंदाला मागे पडलेले असता. पुढे थांबा दिसला की तो बस डावीकडे घेऊ लागतो, आणि तुम्ही बस आणि फुटपाथ यांच्या फटीत. बस शेजारी आली की पेडल मारणं थांबवा. जाऊ द्या तिला. उभ्या बसच्या डावीकडून तर कधीच जाऊ नका, माणसं उतरत असतात.

डंपर आणि सिमेंटचा मिक्सर यांच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. केबिनच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकापाशी उभी असलेली सायकल चालकाला दिसतच नाही, इतका तो उंचावर बसलेला असतो. आणि अशी गाडी डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून, कडेला अगदी जवळून जातात. तुम्हाला वाटतं पुढचं चाक गेलं, आपण वाचलो. सिग्नलला असं वाहन दिसलं की त्याच्या मागे उभं राहा. डावीकडच्या फटीतून पुढे सरकायचं नाही, सिग्नल कितीही लांबलचक असो.

रिक्षाचा इंडिकेटर रिक्षाला नसतो. तो फुटपाथवर हात वर करून उभा असतो. तुमच्या पुढे रिक्षा असेल तर तिच्याकडे न बघता पुढच्या पन्नास मीटरमध्ये कोणी हात करतंय का ते बघा. तसंच कॅब : ती रस्त्याच्या मध्यातच थांबते आणि डावं दार उघडतं. थांबलेल्या कॅबच्या डावीकडून जायचंच असेल तर चालायच्या वेगाने जा.

चौकात

सरळ जायचं असेल तर डावीकडे वळणाऱ्यांच्या रांगेत कडेला उभं राहू नका, सिग्नल सुटताच ते तुमच्या पुढ्यातून वळतात. थोडं आत, सगळ्यांच्या पुढे, पण झेब्रा पट्ट्यांच्या मागे उभं राहा. पुण्यात आकडा तीनवर आला की गाड्या सुटतात. त्यांच्याबरोबर सुटू नका, उजवीकडे एक नजर टाका, कारण तिकडचा कोणीतरी लाल झाल्यावरही येतच असतो.

उजवीकडे वळायला मोठ्या चौकात दोन टप्पे करा. हिरव्याला सरळ पलीकडे जा, तिथे डाव्या कोपऱ्यात सायकल वळवून उभं राहा, आणि त्या दिशेचा सिग्नल सुटला की निघा. एक सिग्नल जास्त जातो. पहिले सहा महिने तरी हेच करा.

हात मात्र दाखवत चला. उजवीकडे जायचं तर उजवा हात आडवा, डावीकडे तर डावा. नियमाच्या पुस्तकात डावीकडे वळायला उजवा हात गोल फिरवायचा असतो, पण आज तसा फिरवलात तर मागच्याला वाटेल माशी हाकलताय. हाताआधी मान वळवा. उजवीकडे मागे बघताना सायकलही उजवीकडे ओढली जाते, म्हणून हे आधी मोकळ्या मैदानात पाच-पन्नास वेळा करून बघा. मान वळलेली दिसली तरी बरेच मोटारवाले वेग कमी करतात. पाठमोऱ्या माणसाचा चेहरा दिसला की त्यांना ते माणूस वाटतं, अडथळा नाही.

घंटी पादचाऱ्यांसाठी. काचा वर केलेल्या गाडीपुढे तिचा उपयोग शून्य. तिथे घशातून "ओ दादा!" हेच चालतं.

कोणी वाईट वागलं तर

वागतील. आठवड्यातून एकदा तरी. त्यातलं बरंचसं वाईट वागणं नसून न बघणं असतं, हे मला स्वतः गाडी चालवायला लागल्यावर पटलं. हॉर्नचा अर्थ बहुतेक वेळा 'मी येतोय' एवढाच असतो. दचकून कडेला उडी मारू नका, आहे त्या रेषेत चालत राहा.

पण काही जण मुद्दाम कट मारतात. एकदा विधी महाविद्यालय रस्त्यावर एका मोटारवाल्याने मला जवळजवळ फुटपाथला टेकवलं. पुढच्या सिग्नलला त्याला गाठलं, तर काच खाली करून म्हणाला, "रोडटॅक्स भरता का सायकलचा?" मी म्हटलं, "मिळकतकर भरते ना, त्याच्यातूनच महापालिकेचे रस्ते होतात." शेजारचा रिक्षावाला हसला, मला फार बरं वाटलं. आणि त्याच तंद्रीत पुढच्या चौकात मी लाल सिग्नल तोडला. तेव्हापासून अशी उत्तरं घरी पोचल्यावरच सुचू देते. तो एक-दीड टन लोखंडात बसलेला असतो. रागावलेल्या माणसाला तुमच्याशेजारून आणखी अर्धा किलोमीटर गाडी चालवायला लावण्यात शहाणपण नाही.

करायचं ते असं : थांबा, बाजूला व्हा, नंबर मोठ्याने दोनदा म्हणा म्हणजे लक्षात राहतो, वेळ आणि जागा फोनवर बोलून ठेवा. नियम मोडल्याची तक्रार फोटोसह महाट्रॅफिक ॲपवर करता येते. धमकी, पाठलाग, अंगावर गाडी घालणं, असं काही झालं तर ११२.

मुलींना आणि बायकांना एक वेगळं सांगते. दुचाकीवर मागे बसलेल्याने जाता जाता पाठीवर थाप मारणं, ओढणी ओढणं, हे घडतं आणि ते 'टवाळकी' नाही. भारतीय न्याय संहितेच्या ७४ व्या कलमाखालचा गुन्हा होऊ शकतो. पाठलाग करू नका, पण तक्रार नोंदवा. "नंबर अर्धाच दिसला" म्हणून परत फिरू नका, चौकातल्या कॅमेऱ्यात उरलेला सापडू शकतो.

आणि आपण

राँग साइड. सायकल आहे, काय होतंय, असं म्हणत सगळेच करतात. गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा माणूस फक्त उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. तुम्ही त्याच्या डावीकडून उगवता, जिथे त्याची नजर जाणारच नसते. वळसा वाचवायला मी एकदा दोनशे मीटर उलटी गेले, तर समोरून एक सातवी-आठवीतला मुलगा सायकलवर, तो बरोबर बाजूने. मला वाट द्यायला तो बिचारा रस्त्याच्या मधे गेला. मागून टेम्पो येत होता. काही झालं नाही, पण त्या मुलाने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

रविवारी खडकवासल्याकडे जाणारे आपले ग्रुप तिघं-तिघं शेजारी गप्पा मारत चालतात. भारी कपडे, भारी सायकली, आणि मागे दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवून दमलेला. एकामागे एक चालवा. कानात इअरफोन नको, अगदी एका कानातही.

गाडी तुमच्याकडे असेल तर तीन गोष्टी. चालकाच्या जागेवरून उतरताना दार डाव्या हाताने उघडा, अंग आपोआप वळतं आणि मागे नजर जाते. नेदरलँड्समधली ही सवय आता ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही आहे. सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर, हेही त्याच कोडमधलं. आणि डावीकडे वळायचं असेल तर सायकलच्या पुढे जाऊन वळू नका, तिच्या मागून वळा. चार सेकंद जातात.

पडलात तर

लगेच उठू नका. रस्त्याच्या मधे असाल तर कोणाला तरी मागून येणाऱ्या गाड्या थांबवायला सांगा, मग बोटं, मनगट, मान हलवून बघा. डोक्याला लागलं असेल, उलटी किंवा चक्कर आली, तर १०८. धडक देणाऱ्या चालकाने जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमानुसार त्याचं कर्तव्य आहे. मदत करणाऱ्या तिऱ्हाइताला मात्र त्याच कायद्याचं संरक्षण आहे, हे जमलेल्या लोकांना सांगा. पोलिसांच्या लफड्याच्या भीतीने पुष्कळ जण नुसतेच उभे राहतात.

मग हमखास कोणीतरी म्हणतं, "जाऊ द्या ताई, पाचशे घ्या आणि मिटवा." घेऊ नका. डेक्कनजवळ दारावर आदळले त्या दिवशी माझ्या मनगटाला काहीच वाटलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलवेना. गाडीचा नंबर, चालकाचा परवाना आणि विमा यांचे फोटो काढा, सायकलचा पडलेल्या जागीच फोटो काढा, त्याच दिवशी डॉक्टरकडून कागद करून घ्या आणि पोलिसांत नोंद करा.

ही नोंद का, ते सांगते. तुमच्या सायकलला विमा लागत नाही, पण मोटारीला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे, आणि तो त्रयस्थ पक्ष म्हणजे तुम्हीच. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो, तो सहा महिन्यांच्या आत केलेला बरा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. तो अर्ज प्रांत किंवा तहसील पातळीवर द्यावा लागतो. मे २०२५ पासून नेमून दिलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांचे दीड लाखापर्यंतचे उपचार रोकड न भरता होऊ शकतात. या सगळ्याला पोलिसांची नोंद लागते. हेल्मेट आपटलं असेल तर वरून धड दिसलं तरी बदला.

पहिला आठवडा

रोज काढू नका. मंगळवार आणि शुक्रवार, दोनच दिवस, आणि गर्दीच्या अर्धा तास आधी निघा. आदल्या दिवशी ऑफिसात एक शर्ट, टॉवेल आणि साबण नेऊन ठेवा, म्हणजे घाम येईल या धास्तीने घाई होत नाही. संध्याकाळी पाऊस आला तर सायकल तिथेच कुलूप लावून ठेवा आणि बसने घरी या. पहिल्या पावसात डांबरावर सांडलेलं ऑइल वर येतं आणि रस्ता साबणासारखा होतो. त्या दिवशी मीही सायकल काढत नाही.